माकडांच्या वंशवृक्षातल्या गाठी: बडोद्याच्या फलकाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५
ठरलं एकदाचं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये मुलांसाठी जे प्रदर्शन असतं त्यात यंदा एक आख्खी भिंत मला मिळालीय, आठ बाय चारचा प्लाय, त्याच्यावर सॉफ्टबोर्ड, आणि त्यावर मी माकडांचा वंशवृक्ष करणार आहे लोकरीचा. रंगवलेला का नाही असं वसंतकाकांनी विचारलं. तर कारण असंय की पुस्तकातला झाड काढायचा जो प्रकार आहे त्यात फांदी एकदा फुटली की फुटली, ती परत दुसऱ्या फांदीला जाऊन मिळत नाही, आणि माकडांच्या बाबतीत नेमकं तेच झालेलं आहे, परत परत झालेलं आहे. वेगळ्या झालेल्या दोन प्रजाती पुन्हा भेटल्या, त्यांची पिल्लं झाली, आणि ती जनुकं आजपर्यंत टिकली. २०२३ च्या जूनमध्ये 'सायन्स'चा जो माकडांवरचा अंक आला त्यात २३३ प्रजातींच्या ८०९ प्राण्यांचे जीनोम (प्राण्याचं संपूर्ण डीएनए) होते, म्हंजे जगातल्या जवळजवळ निम्म्या प्रायमेट (माकडं, वानरं, लेमूर, एप, माणूस या सगळ्या कुळाच्या) प्रजाती. त्यानंतर सरळसोट झाड दाखवणं मला पटत नाही. लोकरीचे दोन धागे घेऊन पीळ घालता येतो, म्हणून लोकर.

मीनल (माझी भाची, इथेच युनिव्हर्सिटीत झूलॉजी करतेय एमेस्सीला) मदत करणार.

९ जानेवारी
सुरुवात कुठून करायची यावर बरंच बोलणं झालं. मीनलचं म्हणणं आफ्रिकेपासून, बबूनपासून (तिथली मोठी, लांब तोंडाची माकडं), कारण सगळ्यात जास्त काम तिथे झालंय. माझं म्हणणं तापीपासून. बडोद्याच्या मुलांना सुरत माहीत आहे, तापी माहीत आहे, ट्रेनने मुंबईला जाताना ती ओलांडतात. आणि तापी ही माकडांच्या नकाशावरची जुनी हद्द आहे, पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी, उत्तरेकडे ऱ्हीसस म्हंजे लाल तोंडाचं माकड, दक्षिणेकडे बॉनेट, ज्याला महाराष्ट्रात लोक नुसतं 'माकड' म्हणतात. आपल्याकडे बडोद्याच्या आसपास गच्चीवर येतात ती काळ्या तोंडाची वानरं, ती वेगळीच, त्यांचा नंबर पुढे येईल.

ओळखायची खूण सोपी. बॉनेटची शेपटी अंगापेक्षा लांब, डोक्यावर केसांचा भोवरा, मधे भांग पाडल्यासारखा. ऱ्हीससची शेपटी आखूड, अंगाच्या निम्म्याच्या आसपास, आणि मागचा भाग लालसर. हे चित्र मोठं पाहिजे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

१३ जानेवारी
प्लाय कापून आला. आता उद्या-परवा उत्तरायण, काम होणार नाही कुणाकडूनच, घरात मांजा आणि चिक्की.

१७ जानेवारी
आज फलकाचा गाभा ठरला आणि मला स्वतःला याचा फार आनंद झालाय म्हणून सविस्तर लिहिते.

मकाक म्हंजे ही सगळी माकडं, वीसच्या वर प्रजाती. उत्तर आफ्रिकेत एकच उरली, बार्बरी, बाकी सगळ्या आशियात. १९७६ मध्ये जॅक फूडन यांनी त्यांचे गट पाडले ते मुख्यतः नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून (हे फलकावर लिहिणार नाही, मोठ्या मुलांनी विचारलं तर सांगेन). त्यातले तीन गट आपल्या कामाचे. एक सिनिका गट, ज्यात आपलं बॉनेट येतं आणि श्रीलंकेचं टोक मकाक येतं. दुसरा सायलेनस गट, ज्यात सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलातलं सिंहपुच्छी माकड येतं, काळं, तोंडाभोवती करडी आयाळ असलेलं. तिसरा फॅसिक्युलॅरिस गट, ज्यात लांब शेपटीचं आग्नेय आशियातलं माकड आणि त्याच्या जवळचं आपलं ऱ्हीसस.

२०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये बारा मकाक प्रजातींच्या जीनोमवरचा एक पेपर आला, आणि त्यात असं निघालं की हा तिसरा गट पहिल्या दोघांच्या संकरातून जन्माला आला, साधारण साडेचौतीस ते साडेपस्तीस लाख वर्षांपूर्वी. म्हंजे दिल्लीत, मथुरेत जे लाल तोंडाचं माकड चष्मे पळवतं त्याच्या अंगात एका बाजूने बॉनेटच्या गोतावळ्याचं रक्त आणि दुसऱ्या बाजूने सिंहपुच्छीच्या गोतावळ्याचं. आजचं बॉनेट किंवा आजचं सिंहपुच्छी त्याचे आईबाप नव्हेत, त्यांच्या घराण्यांचे तेव्हाचे पूर्वज ते. हा फरक चिठ्ठीवर ठळक पाहिजे नाहीतर मुलं घरी जाऊन भलतंच सांगतील.

मला त्यात सगळ्यात आवडलं ते एक्स गुणसूत्राचं. जीनोमच्या बाकीच्या भागात दोन्ही घराण्यांचा वाटा कमीजास्त झालेला, कारण संकर झाल्यावर पुढे पुन्हा मूळ घराण्यांशी संबंध येत राहिले, पण एक्सवर, आणि जिथे जनुकांची अदलाबदल कमी होते अशा पट्ट्यांत, दोन्हींचा वाटा जवळजवळ समसमान टिकलेला आहे. म्हंजे संकर झाला तेव्हाची स्थिती तिथे जपलेली आहे, आणि त्या पेपरच्या लेखकांच्या मते नवीन गटाला नवीन म्हणून टिकवण्यात याच भागांचा मोठा हात असावा.

रंग ठरले. सिनिका पिवळी लोकर, सायलेनस काळी, आणि फॅसिक्युलॅरिस म्हणून वेगळा रंग नाहीच, पिवळा-काळा पीळ.

२२ जानेवारी
मीनलने आज सरळ प्रश्न टाकला, आत्या, लोक विचारतील की हे कळतं कसं, दोन प्रजातींत डीएनएचं सारखं अक्षर दिसलं तर ते जुन्या पूर्वजाकडून दोघांनाही आलेलं असू शकतं, संकरच कशावरून? बरोबर प्रश्न आहे आणि याचं उत्तर फलकावर नसेल तर बाकी सगळं सांगोवांगी होईल.

मग दोघी बसलो आणि मण्यांनी केलं. तीन नातेवाईक घ्या, त्यातले पहिले दोन सख्खे, तिसरा चुलत, आणि एक लांबचा तुलनेसाठी. डीएनएत काही जागा अशा सापडतात जिथे चुलताचं नवीन अक्षर सख्ख्यांपैकी एकाकडेच आहे. जुन्या पूर्वजाकडून आलेल्या विविधतेमुळे हे होतंच, पण मग ते दोघा सख्ख्यांमध्ये सारखंच वाटलं जायला पाहिजे, कधी पहिल्याकडे कधी दुसऱ्याकडे, लाखो जागा मोजल्या की पारडी समान. आता जर मोजल्यावर दिसलं की चुलताशी दुसऱ्याचंच जुळणं सारखं जास्त भरतंय तर त्याचा साधा अर्थ दुसऱ्याचा आणि चुलताचा नंतर संबंध आला. याला 'अब्बा-बाबा' चाचणी म्हणतात, चार प्राण्यांच्या अक्षरांचा क्रम ए-बी-बी-ए किंवा बी-ए-बी-ए असा येतो म्हणून. २०१० मध्ये निअँडरथलच्या (माणसाच्या नामशेष झालेल्या नातेवाइकांच्या) जीनोमवर हीच वापरली होती.

आणि किती जुना संबंध ते तुकड्यांच्या लांबीवरून. पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवून पिसले की पहिल्या पिसण्यात लाल पाठीच्या पत्त्यांचे मोठेमोठे गठ्ठे राहतात, पिसत गेलं की ते लहान लहान होत जातात, तसंच दर पिढीला परक्या डीएनएचे तुकडे आखूड होत जातात. लांब तुकडे म्हंजे संकर ताजा, बारीक म्हंजे जुना. टेबलावर खरेच दोन कॅट ठेवणार आहे, मुलांनी पिसून बघायचं.

२७ जानेवारी
आता वानरं. गच्चीवर येणारं आपलं वानर सेम्नोपिथेकस. ईशान्येला दुसरं कूळ, ट्रॅकिपिथेकस, त्यात आसाम-भूतानचं सोनेरी वानर (१९५६ मध्ये खजुरिया यांनी वर्णन केलेलं, ई. पी. गी यांच्या नावावरून गीआय) आणि टोपीवालं वानर. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेचे प्रवीण कारंत आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यांचं डीएनए बघितलं तर या दोघांच्या मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए, जे फक्त आईकडून येतं, ते आपल्या गच्चीवरच्या वानरांच्या बाजूला गेलं, आणि केंद्रकातलं डीएनए ट्रॅकिपिथेकसच्या बाजूला. एकाच प्राण्याच्या दोन वह्या, दोन वेगळी घराणी सांगतात. त्यांनी तेव्हाच सुचवलं की या दोन वानरांच्या मुळाशी जुना संकर असावा.

हे चित्र फार सुंदर होणार आहे. बारीक राखाडी धागा आईकडून, जाड सोनेरी बाकीचा. मीनल म्हणाली बडोद्याच्या वानराची मावशी भूतानमध्ये, तेच शीर्षक ठेवलं.

भूतानमध्ये सोनेरी आणि टोपीवाली आजही एकमेकांत मिसळतात, आणि बांगलादेशात फेअरचं वानर आणि टोपीवालं यांचं संकरित पिल्लू डीएनएने पक्कं झालंय, पण तिथली जंगलं तुकड्या-तुकड्यांत उरलीत त्यामुळे ती गोष्ट काळजीची आहे. ती वेगळ्या कोपऱ्यात.

१ फेब्रुवारी
बबूनचा भाग आज बसवला, संध्याकाळपर्यंत लागलो. सहा प्रजाती, सगळ्या आफ्रिकेत (हमाद्र्यास थोडं अरबस्तानातही), आणि जिथे जिथे दोघांच्या हद्दी भेटतात तिथे तिथे संकर. हे एवढं उघड आहे की पूर्वी बरेच जण सगळ्यांना एकच प्रजाती म्हणायचे. इथिओपियात अवॉश नदीकाठी हमाद्र्यास आणि ऑलिव्ह बबून. हमाद्र्यासचा नर आपल्या माद्या हाकत जवळ ठेवतो, ऑलिव्हच्या कळपात तसं नसतं, आणि संकरित नर या दोघांच्या मधलं काहीतरी वागतो. क्लिफर्ड जॉली, जेन फिलिप्स-कॉनरॉय यांनी तिथे आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. झांबियात काफुए नदीच्या खोऱ्यात तर किंडा बबून, जो सगळ्यात छोटा, आणि ग्रेफूट चॅकमा, जो मोठा. आपल्याला वाटेल मोठा नर छोट्या मादीवर हक्क गाजवेल, तर तिथे किंडा नर आणि चॅकमा मादी हीच जोडी जास्त. २०२३ च्या अंकात २२५ बबूनचे जीनोम होते १९ ठिकाणचे, आणि त्यात दिसलं की संकर जास्तकरून नरांच्या स्थलांतरामुळे पसरला, आणि एकदा नाही, जुना आहे आणि नवाही आहे.

पण खरी शिकायची जागा अंबोसेली. केनिया, किलिमांजारोच्या पायथ्याशी. १९७१ पासून जीन आणि स्टुअर्ट ऑल्टमन यांनी सुरू केलेलं काम, नंतर सुझन अल्बर्ट्स, जेनी टंग, आजपर्यंत चालू, एकेका बबूनचा जन्म-मृत्यू नोंदलेला. तिथे पिवळे बबून मूळचे, आणि ऑलिव्ह बाहेरून येऊन मिसळतात. गंमत बघा, प्राणी म्हणून बघितलं तर संकरितांचं काहीच बिघडत नाही, उलट ऑलिव्हचा वाटा जास्त असलेले लवकर वयात येतात, नरांना जोडीदार मिळवण्यात फायदा होतो. असं असेल तर ऑलिव्हची जनुकं भराभर सगळीकडे पसरायला पाहिजेत. २०२२ मध्ये तिथल्या सुमारे ४४० बबूनचे जीनोम तपासले तर उलटं निघालं, पिढ्यान्‌पिढ्या बघितलं तर ऑलिव्हकडून आलेले तुकडे निवडीने काढून टाकले जातायत, विशेषतः जनुकांच्या आसपासचे, आणि जिथे दोन प्रजातींत जनुक चालू-बंद होण्याची पद्धत वेगळी आहे तिथे जास्त.

यावर मी बराच वेळ विचार करत बसले. एका आयुष्यात जे फायद्याचं दिसतं ते हजारो पिढ्यांच्या हिशोबात गाळलं जातं, आणि तरी थोडं उरतं. प्रजातीची हद्द म्हंजे भिंत नव्हे, पण हद्द नाहीच असंही नव्हे. मला या सगळ्या फलकातून मुलांना सांगायचंय ते हेच, बाकी नावं विसरली तरी चालतील.

६ फेब्रुवारी
कवटीचं चित्र. केपटाऊनच्या रिबेका ॲकरमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की टेक्सासमध्ये पाळलेल्या संकरित बबूनच्या कवट्यांत जास्तीचे दात आणि कवटीच्या सांध्यांच्या जास्तीच्या रेषा बऱ्याच वेळा दिसतात. डीएनए न उरलेल्या जीवाश्मांत संकर ओळखायला हे उपयोगी. मुलांना दात मोजायला आवडतात, मोजू द्यायचे.

१० फेब्रुवारी
हाउलर, म्हंजे अमेरिका खंडातली मोठ्याने ओरडणारी माकडं. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात दोन प्रजाती, मँटल्ड आणि काळा, साधारण तीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, पुन्हा भेटून मिसळल्यात, लिलियाना कोर्तेस-ओर्तीस यांनी २००७ मध्ये डीएनएने पक्कं केलं. इथे धडा असा की बरीच संकरित माकडं बघून अजिबात ओळखू येत नाहीत, ज्या बाजूचा वाटा जास्त त्याच्यासारखीच दिसतात, म्हंजे जंगलात उभं राहून हा शुद्ध हा मिश्र असं सांगता येत नाही.

शिवाय हॅल्डेनचा नियम इथे लावला. जे. बी. एस. हॅल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलं होतं की संकरात जर एकाच लिंगाची पिल्लं मरत असतील किंवा वांझ होत असतील तर ते लिंग दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं, म्हंजे सस्तनांत नर. हे हॅल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचं नागरिकत्व घेतलं, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा फोटो लावायचाच आहे, धोतर-कुर्त्यातला मिळाला तर उत्तम.

१४ फेब्रुवारी
चीनच्या गुइझोउमधल्या फानजिंगशान डोंगरातलं राखाडी नकट्या नाकाचं माकड. २०२३ च्याच अंकात, सोनेरी नकटं माकड आणि युन्नान-म्यानमारकडच्या काळ्या नकट्या माकडांचा पूर्वज यांच्या संकरातून आलेलं, सुमारे १८.७ लाख वर्षांपूर्वी. अंगावरचे रंगही दोन्हींकडचे, आणि त्या रंगांची जनुकंही सापडली. हजारापेक्षा कमी उरलीत. सोनेरी-काळा पीळ संपला, मंगळबाजारातून लोकर आणली.

१८ फेब्रुवारी
आज वसंतकाकांशी वाद. काका म्हणाले, सगळीकडे संकराने नवीन प्रजाती झाल्या असं दाखवतेयस, मग लोक म्हणतील कुठलंही माकड कुठेही सोडा, चांगलंच आहे. मुद्दा खरा होता, म्हणून डावीकडची रिकामी जागा त्याला दिली.

जपानमध्ये चिबा इथल्या ताकागोयामाच्या प्राणिसंग्रहालयात २०१७ मध्ये १६४ माकडांची तपासणी केली, ५७ जणांत ऱ्हीससची जनुकं निघाली, आणि त्या ५७ ना मारण्यात आलं कारण ऱ्हीसस तिथे बाहेरून आलेली आणि कायद्याने संकरितही परकेच. नंतर बौद्ध मंदिरात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. मला हे वाचून फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं, ती माकडं तिथेच जन्मलेली. पण जपानी माकड ही दुसरीकडे कुठेच नसलेली प्रजाती आहे हेही खरं. ब्राझीलमध्ये तसंच, पाळायला म्हणून नेलेली मार्मोसेट (चिमुकली माकडं) आग्नेय भागात सोडून दिली, आणि आता तिथल्या मूळच्या, आधीच संकटात असलेल्या ऑरिटा मार्मोसेटमध्ये मिसळतायत.

काका आणि मी शेवटी यावर आलो की लाखो वर्षांत नद्या सरकल्या, जंगलं जोडली गेली आणि कळप भेटले ही एक गोष्ट, आणि ट्रकमध्ये भरून आणून सोडले ही दुसरी. पहिलीत निवडीला वेळ मिळतो. दुसरीत लहान प्रजाती गिळली जाऊ शकते. आणि हे आपल्याकडे चालू आहे. ऱ्हीसस तापी-गोदावरी ओलांडून दक्षिणेकडे सरकतंय, २०११ मध्ये यावर भारतीय शास्त्रज्ञांचा पेपर आला, शहरात पकडलेली माकडं दुसरीकडे नेऊन सोडण्याचाही त्यात हात आहे, आणि बॉनेटची जागा आक्रसतेय. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत ऱ्हीसस निर्धास्त, बॉनेट धोक्याच्या यादीत. बॉनेट फक्त भारतातच आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही.

२३ फेब्रुवारी
माणूस कुठे ठेवायचा? मीनल म्हणाली सगळ्यात वर, मी म्हटलं वर नाही, एका बाजूला, बबूनच्या ओळीतच, कारण पद्धत तीच आहे. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथलचा सुमारे दोन टक्के वाटा. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतली मुलगी, २०१८ मध्ये कळलं की आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन (तसाच दुसरा नामशेष मानवगट), सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. तिबेटी लोकांचं उंचावर श्वास घेणं सोपं करणारं ईपीएएस१ जनुक डेनिसोव्हनकडून. आणि आपल्या घराजवळचं, तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा, ज्यामुळे कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, तो निअँडरथलकडून आलेला, २०२० मध्ये झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत आहे, युरोपात साधारण १६ टक्क्यांत. ही चिठ्ठी लिहिताना हात थांबला, आमच्या वाड्यात त्या दोन वर्षांत गेलेली माणसं आठवली. पण लिहिली, कारण संकरातून आलेलं सगळंच फायद्याचं नसतं हे आपल्याच अंगात दिसतंय.

२७ फेब्रुवारी
फलक उभा. पिना कमी पडल्या, पेढीवरून आणल्या.

१ मार्च
गर्दी चांगली झाली. पत्ते पिसायला रांग. एक सातवीतला मुलगा बराच वेळ तापीपाशी उभा होता, मग म्हणाला, मासी, आता ऱ्हीसस आणि बॉनेट भेटले तर परत नवीन माकड होईल का. मी त्याला म्हटलं की नुसती पिल्लं होणं पुरत नाही, संकरितांचा कळप दोन्हीकडच्यांपासून बाजूला राहून, आपापसात, खूप पिढ्या टिकावा लागतो तेव्हा कुठे नवीन प्रजाती, आणि त्याआधी बॉनेटच उरलं पाहिजे. त्याने वहीत लिहून घेतलं.

फलक आता वाडीतल्या एका शाळेत जाणार. तिथे जागा जास्त आहे म्हणून टांझानियाच्या गोंबेचा भाग वाढवतोय, तिथे लाल शेपटीची आणि निळी ग्वेनॉन माकडं, गुणसूत्रांची संख्यासुद्धा वेगळी असून मिसळतात, आणि केट डेटवायलर यांना तिथल्या निळ्या माकडांत लाल शेपटीवाल्यांचं मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए सापडलं. निळी लोकर आहे, विटकरी आणायचीय, मीनल शनिवारी येतेय.